अकरा शनिवार आणि एक टक्

नवस बोलायला अर्धं मिनिट लागतं. फेडायला मला दीड वर्ष लागलं, आणि त्या दीड वर्षात जे किस्से साठले ते सांगून संपायला उरलेलं आयुष्य पुरेल असं वाटत नाही. बायका हळदीकुंकवाला येतात, वाण हातात घ्यायच्या आधी म्हणतात, "ताई, तो म्हशीचा सांगा ना!" म्हशीचा ऐकला की बिडकीनचा आठवतो, बिडकीनचा सांगितला की रंगाचा. एकाला हात लावला की दुसरा पुढं येतो.

नवस अगदी साधा होता. आमचे हे गच्चीच्या जिन्यावरून पडले, उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि हातात काठी आली. हे जन्मभर शाळेत चित्रकला शिकवत होते, सगळं पडेगाव यांना 'सर' म्हणतं. सरांच्या हातात ब्रश बघायची सवय, काठी बघवेना. मी खुलताबादच्या भद्रा मारुतीपुढं हात जोडले आणि म्हटलं, "मारुतीराया, यांची काठी सुटू दे. ओळीनं अकरा शनिवार, यांच्या मोटारसायकलवर, यांच्या पाठीमागं बसून तुझ्या दर्शनाला येईन. मधे खंड पडला तर पुन्हा पहिल्यापासून मोजीन."

ते शेवटचं वाक्य माझ्याकडं कुणी मागितलं नव्हतं. भक्तीच्या भरात माणूस स्वतःवरच अटी घालून घेतं.

काठी सुटली. देवानं त्याचं काम वेळेत केलं. डॉक्टर म्हणाले, "चाला, फिरा, गाडी चालवा. पण किक मारायची नाही. या जन्मात नाही. गाडीला सेल्फ आहे ना?"

"आहे!" सर ताठ मानेनं म्हणाले.

खोटं नव्हतं ते. सेल्फ होताच. बटणसुद्धा होतं. त्या बटणानं गाडी शेवटची कधी सुरू झाली होती, एवढंच डॉक्टरांनी विचारलं नाही.

* * *

पहिल्या शनिवारी सकाळी मी रुईच्या पानांची माळ केली, तेल घेतलं, पदर खोचून गाडीमागं उभी राहिले. सरांनी चावी फिरवली, बटण दाबलं.

टक्.

पुन्हा दाबलं. टक्. सीटखालून कुठून तरी, पाल चुकचुकावी तसा तेवढाच आवाज. इंजिन ढिम्म. सरांनी दहा-बारा वेळा दाबलं. मी हळूच म्हटलं, "अहो, जप चाललाय का? मग माळ देते."

भिंतीवरून शेजारच्या जगतापभाऊजींचं डोकं वर आलं. भाऊजी विजेच्या खात्यातून रिटायर झालेत आणि तेव्हापासून त्यांच्या खिशात पेन नसलं तरी टेस्टर असतो. "थांबा सर! अकरा हजार व्होल्टच्या लाइनीवर जन्म काढलाय मी. हे तुमचं बारा व्होल्ट म्हंजे लई किरकोळ."

त्यांनी घरातल्या प्लगमधे घालायचा तो टेस्टर गाडीच्या बॅटरीला लावला. टेस्टर पेटला नाही.

"बघा! करंटच नाय. बॅटरी मेली."

मी म्हटलं, "भाऊजी, पण समोरचा दिवा तर लागलाय."

वर्गात न विचारता उत्तर देणाऱ्या मुलाकडं बघावं, तसं भाऊजींनी दिव्याकडं बघितलं. म्हणाले, "तो आतला शिल्लक करंट, वहिनी."

बॅटरी नवी आणली. मी तिला कुंकू लावलं. सरांनी बटण दाबलं.

टक्!

फरक पडला नाही असं मी म्हणणार नाही. आधीच्यापेक्षा टक् खणखणीत होता.

* * *

सलीमभाईंचं गॅरेज दौलताबाद रोडला, लिंबाच्या झाडाखाली. माणूस देवमाणूस, हाताला जस. गाडीला कान लावून ऐकतात. त्यांनी सीटखालची ती टक् म्हणणारी डबी बदलली, सेल्फची मोटार उघडून आतले कार्बन बदलले, तरी गाडी आपल्या मतावर ठाम. शेवटी म्हणाले, "सर, माझा शोध चालू राहील. तोपर्यंत उतारावर लावा, दुसऱ्या गिअरला सोडा, चालू होतेय."

म्हणजे झालं असं, की आम्ही गावाकडं उतारांच्या नजरेनं बघायला लागलो. कुणाकडं सत्यनारायण असला की आधी विचारायचं, "दारात उतार आहे का?" नसला तर आहेर मनीऑर्डरीनं पाठवावा असा विचार चालायचा. आमच्या घराजवळ जरा पुढं एक बरा उतार आहे. दोन शनिवार तिथून झोकात गेलो.

तिसऱ्या शनिवारी उतार संपला तरी गाडी सुरू झाली नाही. आम्ही दोघं नवरा-बायको, माळ हातात, चिडीचूप, वरून खाली घरंगळत आलो आणि खाली थांबलो. लोक नमस्कार करत होते, आम्ही परत करत होतो. सरांनी पुन्हा वर ढकलायला माणसं गोळा केली. पुन्हा घरंगळलो. पुन्हा नमस्कार. तिसऱ्या खेपेला लोकांनी नमस्कार करणं सोडून दिलं.

सलीमभाई आले. प्लग काढला, कॉइल बघितली, वायरी चाचपल्या. दुपार टळली, दिवस मावळायला आला. मग त्यांचं लक्ष हँडलच्या उजव्या बाजूच्या लाल बटणाकडं गेलं. इंजिन बंद करायचं असतं ते. त्यावर कुंकवाचं ठसठशीत बोट होतं, आणि ते बटण 'बंद'च्या बाजूला झुकलेलं होतं.

सलीमभाईंनी माझ्याकडं बघितलं. मी झाडाकडं बघितलं.

"भाभी," ते फार अदबीनं म्हणाले, "पूजा इंजिनची करा. बटणाला लांबूनच नमस्कार."

शनिवार गेला. मोजणी पुन्हा एकपासून!

* * *

दुसऱ्या मोजणीला चार शनिवार सुरळीत झाले. हे जगतापभाऊजींना बघवलं नाही असं मी म्हणणार नाही, ते आमचे हितचिंतक आहेत. शुक्रवारी आले आणि म्हणाले, "सर, दोष तुमच्या स्विचातच आहे. हँडलवरचं खोलू या."

खोललं. साफ केलं. लावलं. एक बारकी स्प्रिंग हातात उरली.

"ही?" मी विचारलं.

"कंपनी एखादी जास्तीची देती, वहिनी."

पाचव्या शनिवारी उतारावरून गाडी सुरू झाली, दौलताबादपर्यंत गेलो. तिथं किल्ल्याजवळ रस्ता एका जुन्या दरवाजातून जातो, तुम्हाला माहीतच आहे. दरवाजाच्या बरोबर मधोमध एक म्हैस उभी. मागं दोन जीप, समोरून ट्रॅक्टर. सर गाडी बंद पडू द्यायला तयार नाहीत, कारण तिथं उतार नाही. त्यांनी हॉर्न दाबला.

टक्.

म्हशीनं कान हलवला. सरांनी पुन्हा जोरात हॉर्न दाबला. टक्. म्हशीनं रवंथ पुढं चालू ठेवलं. मागच्या जीपवाला ओरडला, "ओ काका, हॉर्न मारा की!" सर म्हणाले, "मारतोय!"

माझ्या डोक्यात एकदम उजेड पडला. म्हटलं, "अहो, सेल्फ दाबून बघा."

सरांनी सेल्फ दाबला.

पोंऽऽऽ!

म्हैस अशी पळाली, की तिच्या मालकिणीनं आम्हाला किल्ला दिसेनासा होईपर्यंत आशीर्वाद दिले असतील. कोणत्या प्रकारचे ते मी सांगत नाही. तिथून पुढं अख्खा घाट सर प्रत्येक वळणावर सेल्फ मारत गेले. खुलताबादला पार्किंगवाल्यानं विचारलं, "सर, चालू गाडीवर सेल्फ कशापायी दाबताय?"

सर म्हणाले, "म्हशींसाठी."

* * *

आता बिडकीनचा. तिथं माझे धाकटे दीर राहतात, बाळूभाऊजी. शेती होती, जवळ मोठे कारखाने आले, आता भाऊजींच्या दारात शेतीची अवजारं कमी आणि वाहनं जास्त. जेसीबी, पिकअप, नवी कोरी चारचाकी. त्यांची वास्तुशांत शुक्रवारी होती. आम्ही कित्येक महिने बिडकीनला गेलो नव्हतो. राग नव्हता काही. बिडकीन सपाट आहे.

भाऊजींना फोनवर हे कारण सांगितलं तर म्हणाले, "वहिनी, एवढंच व्हय? या तुम्ही. उताराचं मी बघतो."

गेलो तर दारात मुरमाचा ढीग! जेसीबीनं थापटून, पाणी मारून, रीतसर उतार केलेला. वास्तुशांतीला आलेले पाहुणे त्यावरून चढून-उतरून बघत होते. गुरुजींनी विचारलं, "हे कशासाठी?" भाऊजी म्हणाले, "दादाच्या सेल्फसाठी."

दुसऱ्या दिवशी सहावा शनिवार. बिडकीनहून थेट खुलताबादला जायचं. चार जणांनी गाडी मुरमावर चढवली. सर बसले. मी मागं बसणार होते, पण जाऊबाईंनी हात धरला, "ताई, आधी चालू होऊ द्या." देवानंच तिला बुद्धी दिली. सरांनी गाडी सोडली. उतार भाऊजींनी मोठ्या मनानं केला होता, पण उतार संपल्यावर पुढं काय आहे ते बघितलं नव्हतं. पुढं भाऊजींचीच नवी चारचाकी होती.

धाड!

सगळे धावले. सर हँडलला धरून उभे, कुठं खरचटलंसुद्धा नाही. गाडीचा पुढचा दिवा फुटलेला, चारचाकीला चांगला तळहाताएवढा पोचा. आणि सर काय म्हणाले असतील?

"चालू झाली होती!"

भाऊजी पोच्यावरून हात फिरवत म्हणाले, "दादा, ही गाडी भंगारात दे. वहिनी, मी माझी दुसरी मोटारसायकल देतो, तिच्यावर फेडा नवस. देवाला काय कळतंय कोणती गाडी ते."

मी म्हटलं, "भाऊजी, देवाला कळत नाही असं धरलं, तर मग तुम्ही काल वास्तुशांत तरी कशाला केली?"

भाऊजी पुन्हा पोच्यावरून हात फिरवायला लागले. पण शनिवार गेलाच. मोजणी पुन्हा एकपासून.

घरी आल्यावर गाडी दारात नुसतीच उभी राहिली. गाडी बंद असली की हे खिडकीशी खुर्ची टाकून तिच्याकडं बघत बसतात. समोर चहा गार होतो. ऑपरेशनच्या वेळी दवाखान्यात मी यांना इतकं उतरलेलं बघितलं नव्हतं. एका सकाळी म्हणाले, "आता एकदाच. या खेपेला खंड पडला, तर मीच बाळूला फोन करतो, ये आणि घेऊन जा म्हणून. तुझा देव तरी किती दिवस वाट बघणार."

मी म्हटलं, "माझा देव निजलेला आहे. त्याला घाई नाही."

खुलताबादचा मारुती खरंच निजलेला आहे हो, आडवा. तेव्हापासून मी मनात म्हणायची, देव निजलेला, गाडी निजलेली, जागी काय ती मी एकटी!

* * *

खरा रोग सापडला तो असा. हॉर्न आणि सेल्फच्या अदलाबदल झालेल्या वायरी सलीमभाईंनी मागंच जागेवर लावून दिल्या होत्या; एक दिवस ते जाड वायरीचा तुकडा घेऊन आले. त्याचं एक टोक बॅटरीला लावलं, दुसरं थेट इंजिनच्या लोखंडाला टेकवलं आणि म्हणाले, "सर, मारा सेल्फ."

घर्रर्र... धडधडधड!

मी तर देवघराकडंच पळाले. परत आले तेव्हा सलीमभाई सीट काढून आतला एक बोल्ट खोलत होते. बॅटरीची काळी वायर त्या बोल्टानं गाडीच्या सांगाड्याला धरलेली असते, करंट तिथून परत फिरतो, असं त्यांनी मला समजावलं. बोल्ट निघाला. त्यांनी पान्याच्या टोकानं खालची जागा खरवडली. काळा रंग निघाला. त्याच्याखाली निळा. त्याच्याखाली पुन्हा काळा. मग एक लालसर. मग पुन्हा काळा. लोखंड काही दिसेना.

"सर, हे काय आहे?"

सरांचा चेहरा खुलला. "दरवर्षी खंडेनवमीला मी गाडीला रंग देतो. माझ्या हातानं. लोक बोल्टावरूनच ब्रश फिरवतात, अडाणीपणा आहे तो. मी प्रत्येक बोल्ट काढतो, खालून दोन हात मारतो, वाळू देतो, मग कसतो. गंजायला जागाच ठेवलेली नाही!"

सलीमभाईंनी पाना खाली ठेवला. मग म्हणाले, "सर, गंजाला जागा नाही ठेवली. करंटला पण नाही ठेवली. इतने सालों से करंट आता है, आपकी ड्रॉइंग देखता है, और वापस चला जाता है!"

जगतापभाऊजी भिंतीवरून म्हणाले, "मी पहिल्या दिवशीच म्हणलो होतो, अर्थिंग बघा."

आम्ही तिघांनी एकमेकांकडं बघितलं. पहिल्या दिवशी ते काय म्हणाले होते ते आम्हा दोघांना पाठ होतं, आणि आमच्याकडून ऐकून सलीमभाईंनाही.

* * *

त्यानंतरचे दहा शनिवार! काय सांगू तुम्हाला. सर अंगठा नुसता टेकवायचे, गाडी घर्रर्र. गल्लीतल्या बायका दारात यायच्या. सर मुद्दाम गाडी बंद करून पुन्हा सुरू करून दाखवायचे. उतार दिसला की तोंड फिरवायचे. एक, दोन, पाच, आठ, दहा. मी मारुतीपेक्षा त्या बटणालाच जास्त नमस्कार केले. लांबून.

अकराव्या शनिवारच्या आदल्या दिवशी मी भजनाला गेले होते. एवढीच माझी चूक. जगतापभाऊजींना वाटलं, नवस उद्या पुरा होणार आणि आपला हातभार काहीच नाही. ते आले, सरांना म्हणाले, "उद्याचा मोठा दिवस. बॅटरीची टोकं पॉलिश करून देतो." सर भिडस्त. नाही म्हणवेना. भाऊजींनी बॅटरी काढली, टोकं चांदीसारखी घासली, आणि बॅटरी उलटी बसवली. लाल वायर काळीच्या जागी, काळी लालच्या.

ठिणगी उडाली. बारीक धूर निघाला. आणि जगतापभाऊजी म्हणाले, "करंट आहे!"

शनिवारी सकाळी चावी फिरवली. दिवा नाही, हॉर्न नाही. टक्सुद्धा नाही! मला त्या टक्ची आठवण येईल असं कधी वाटलं नव्हतं. सलीमभाईंना फोन लावला. ते पाचोडला भाचीच्या लग्नात. मागं ताशा वाजत होता. सगळं ऐकून घेऊन म्हणाले, "सर, अब हात मत लगाओ. आतलं काय काय जळालं ते बघावं लागेल. मैं परसों आता हूं."

मी फोन घेतला. "भाई, उतारावरून नाही का व्हायची?"

"भाभी, करंटच नाही तर किल्ल्यावरून सोडली तरी नाही व्हायची."

सर खिडकीशी जाऊन बसले. मी चहा ठेवला. तो गार झाला. मग त्यांनी स्वतःच फोन उचलला. "बाळू, ये. घेऊन जा गाडी."

एरवी बाळूभाऊजींना दोन तासांचं काम सांगितलं तर दोन दिवस लागतात. त्या दिवशी तासाभरात पिकअप घेऊन दारात! सोबत दोन माणसं. जगतापभाऊजींनीही हात लावला, तोंड मात्र वर केलं नाही. चौघांनी गाडी मागच्या हौद्यात चढवली, स्टँडवर उभी केली, चारी बाजूंनी दोरखंडानं करकचून बांधली. सरांनी सीटवरून एकदा हात फिरवला आणि घरात जायला वळले.

मी स्वयंपाकघरात रुईची माळ घेऊन उभी होते. मारुतीपुढं मी नेमकं काय बोलले होते ते एकेक शब्द आठवून बघितलं. दोनदा बघितलं. मग स्टूल उचललं, बाहेर आले, पिकअपमागं ठेवलं, निऱ्या सावरल्या आणि वर चढले. गाडीच्या मागच्या सीटवर, माझ्या नेहमीच्या जागेवर, एका अंगाला दोन्ही पाय घेऊन बसले.

"वहिनी!" बाळूभाऊजी ओरडले. "उतरा, पडताल!"

"चारी बाजूंनी बांधलीय, भाऊजी. इतकी घट्ट तर ही रस्त्यावरसुद्धा कधी उभी राहिली नाही."

"अहो पण भंगारवाल्याकडं चाललीय ही!"

"जाऊ द्या की. आधी खुलताबादला न्या. दर्शन होऊ द्या तिचं." मग सरांना हाक मारली. "अहो, बघता काय? वर या. पुढं बसा. मी मारुतीला 'यांच्या पाठीमागं बसून येईन' म्हणाले होते. पुढं कुणी नसलं तर मी कुणाच्या पाठीमागं बसलेय?"

सर दारातून परत फिरले. मग स्टुलावर चढले, गुडघा जपत पाय टाकला आणि पुढं बसले. सवयीनं हँडल धरलं. सवयीनं आरसा नीट केला.

"दादा, तू बी?" भाऊजी म्हणाले.

सर म्हणाले, "चल. आणि जरा हळू घे. मागं लेडीज आहे."

अशी आमची वरात निघाली. पडेगावातले लोक रस्त्यावर आले. वर मोकळी हवा लागत होती, सर पुढं ताठ बसले होते, वळण आलं की हात बाहेर काढून इशारा करत होते. मीच म्हटलं, "अहो, गाडी बाळूभाऊजी चालवतायत." म्हणाले, "त्याला इंडिकेटर द्यायची सवय नाही."

दौलताबादच्या चौकात हवालदारानं पिकअप थांबवली. कागद बघितले, ठीक होते. मग मागं आला, वर बघितलं. आम्हा दोघांना नीट निरखलं.

"काका, हेल्मेट?"

सर म्हणाले, "गाडी बंद आहे."

"गाडी बंद आहे, पण तुम्ही बसलाय ना?"

यावर सरांनी आरसा पुन्हा नीट केला. मी माळेतलं एक रुईचं पान खाली दिलं, म्हटलं, "भाऊ, अकरावा शनिवार आहे." हवालदारानं पान टोपीला लावलं आणि शिट्टी मारून समोरचा ट्रक थांबवला. आम्हाला रस्ता दिला.

देवळापाशी पोचलो तर गर्दी उसळली. माणसं पिकअपभोवती गोळा झाली. कुणी नारळ पुढं केला, कुणी गाडीच्या चाकाला हात लावून डोळ्यांना लावला. बाळूभाऊजी दार उघडून खाली उतरले, ते सगळं बघितलं, आणि न सांगता पायातली चप्पल काढून ठेवली. मी सरांना म्हटलं, "उतरा आता."

"बस जरा," सर म्हणाले. "दोन मिनिटं." त्यांचा अंगठा बटणावर होता. दाबत नव्हते. नुसता होता.

तेवढ्यात एक बाई गर्दीतून पुढं आली. माझ्याच वयाची, कपाळावर मोठं कुंकू. तिच्यामागं तिचा नवरा, तोंड पाडून, एक जुनी स्कूटर ढकलत आलेला, घामानं निथळत. बाईनं आधी आमच्या गाडीला हात जोडले, मग मला, मग पायाशी येऊन हळूच विचारलं, "ताई, हा कोणता नवस म्हणायचा? आम्हाला चालंल का?"

मी वरूनच तिच्या कपाळाला कुंकू लावलं आणि म्हटलं, "चालेल की. तुम्हीही बोला, आजच बोला. फक्त बोलताना इंजिनाचं नाव काढू नका, मीही काढलं नव्हतं!"